उत्तरेची मर्यादा



गेल्या जूनमध्ये आम्ही अलास्काची क्रूझ करून आलो, तेव्हापासून मला तेच तेच प्रश्न येतात. जहाजावर आपलं जेवण मिळतं का? थंडी किती असते? आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा, "तिकडे सूर्य लवकर मावळत नाही म्हणे, मग रात्रीभोजनाचं काय केलंत?" या सगळ्यांची उत्तरं आज देते. पण त्याआधी एक सांगायला हवं. तिकिटं काढली तेव्हा आम्ही दहा जण होतो, जहाजावर चढलो तेव्हा नऊच. दहावं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. आणि ती सहल खरं तर त्यांच्यासाठीच ठरवली होती.

माझा मुलगा सिएटलला असतो. आजीला ऐंशी पूर्ण होणार म्हणून त्याने वर्षभर आधी मनात घेतलं की तिला बर्फाच्या नद्या दाखवायच्या. सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, भूगोल त्यांच्या जिव्हाळ्याचा. माझी मुलं लहान असताना त्या जमिनीवर खडूने जगाचा नकाशा काढायच्या आणि मुलांना खंडाखंडांवर उड्या मारायला लावायच्या. ते त्याच्या लक्षात होतं. सिएटलहून निघून सात दिवसांत परत सिएटलला येणारं जहाज त्याने ठरवलं. यांचे इंजिनिअरिंग कॉलेजपासूनचे दोन मित्र आणि त्यांच्या बायका, तेही यायला तयार झाले. आम्ही दोघं, सासूबाई, मुलगा, सून, सहा वर्षांचा नातू आणि ते चौघं. सगळ्यांनी मिळून ठरवलं की आईंना काही सांगायचं नाही. जाऊन पोचल्यावर सांगू.

आता वाटतं, आमची पहिली चूक तीच होती. ऐंशी वर्षांच्या बाईला न विचारता तिच्यासाठी काही ठरवायचं आणि त्याला प्रेम म्हणायचं.

सिएटलला पोचून चार दिवस झाले होते. रविवारी संध्याकाळी सगळे जमले. नातवाने जहाजाचं चित्र काढलं होतं, ते त्याने पणजीच्या हातात दिलं. मुलाने लॅपटॉपवर नकाशा उघडून मार्ग दाखवला. इथून निघायचं, वर ज्युनो, मग स्कॅगवे, मग ग्लेशियर बे, येताना केचिकन आणि व्हिक्टोरिया. सासूबाईंनी चष्मा लावला, नकाशा नीट पाहिला. चेहरा उजळला होता, हे मी स्वतः पाहिलं. मग त्यांनी बोट सिएटलवर ठेवलं, तिथून वर नेलं आणि थांबल्या.

"बाळा, हे सगळं तुझ्या गावाच्या उत्तरेला आहे की रे."

"हो आजी, अलास्का म्हणजे उत्तरच."

"मग मला नाही येता येणार. माझी उत्तरेची मर्यादा तुझं गाव आहे."

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मला कळलं, कारण तो नियम घेतला तेव्हा मी शेजारी बसले होते. पण मी ते साफ विसरले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. श्रावकाची बारा व्रतं असतात. पाच अणुव्रतं, तीन गुणव्रतं आणि चार शिक्षाव्रतं. गुणव्रतांतलं पहिलं दिग्व्रत. दाही दिशांना आपण कुठपर्यंत जायचं याची जन्मभराची मर्यादा आखून घ्यायची. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात सांगितलं आहे की ही मर्यादा समुद्र, नदी, अरण्य, डोंगर, देश अशा सर्वांना ठाऊक असलेल्या खुणांनी ठरवावी. एकदा आखली की ती वाढवायची नाही. एका दिशेची कमी करून दुसऱ्या दिशेला जोडायची नाही. आणि विसरायचीही नाही. विसरणं हासुद्धा दोषच मानला आहे.

२०१६ च्या चातुर्मासात आमच्या गावात आर्यिका माताजी होत्या. सासरे जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. सासूबाई दिग्व्रत घ्यायला बसल्या. पूर्वेला सम्मेदशिखरजी, दक्षिणेला कन्याकुमारी. मुलगा तेव्हा नुकताच सिएटलला गेला होता, म्हणून पश्चिमेला आणि उत्तरेला त्याचं गाव. माताजींनी विचारलं होतं, "विमान कुठून जातं ते माहीत आहे का?" तेव्हा नियम असा झाला की विमानाची वाट धरायची नाही, पण या गावाच्या पलीकडे राहण्या-फिरण्यासाठी जायचं नाही. मी मनात म्हटलं होतं, केवढी मोठी मर्यादा! अर्धी पृथ्वी आली की यात. असल्या नियमाचा त्रास तो काय होणार? नऊ वर्षांनी झाला.

त्या संध्याकाळी खूप वाद झाला. आवाज कुणाचा चढला नाही, पण वाद झालाच. मुलगा दुखावला होता. तो म्हणाला, "आजी, तुलाच आवडेल म्हणून ठरवलं ना. नियम तूच घेतलास, तूच थोडा सैल कर."

"दुसऱ्या कुणी घातला असता तर भांडले असते," त्या म्हणाल्या. "मीच घेतला म्हणून तर मोडवत नाही."

यांच्या मित्रांपैकी एक जण गमत्या आहे. त्याने विचारलं, "काकू, येताना विमान ग्रीनलंडवरून आलं. खाली बर्फ दिसत होता. ते तर किती उत्तरेला! मग तुमचा नियम तेव्हाच नाही का गेला?"

सासूबाई हसल्या. "ते विमान मला यांच्याकडे पोचवायला निघालं होतं. वाट त्याची. हे जहाज तिकडचं बघायलाच निघालंय. मी मर्यादा घातली ती या बघायच्या हौसेला."

"मग असं करा, किनाऱ्यावर उतरूच नका. जहाजावरच बसून राहा. पाण्यावर कसली हद्द?"

"तुझ्या जागी माझा विद्यार्थी असता तर त्याला कोपऱ्यात उभा केला असता," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

पैसे परत मिळायची तारीख उलटून गेली होती. मी म्हटलं, मी तुमच्याजवळ थांबते. हे म्हणाले, मी थांबतो. त्यांनी दोघांनाही गप्प केलं. "माझा नियम माझा. त्याचं ओझं तुमच्यावर टाकलं तर तो नियम कसला?" मुलाच्या ओळखीचं एक गुजराती जैन कुटुंब दोन गल्ल्या पलीकडे राहतं. त्यांच्या घरी ह्यांच्याच वयाच्या आजी आहेत. त्या आठवडाभर राहायला आल्या. एकीची गुजराती, दुसरीची मराठी, पण णमोकार दोघींचा एकच.

खरं सांगते, मी मनातून चिडले होते. मुलाचा हिरमुसलेला चेहरा मला दिसत होता. एवढ्या दुधात मिठाचा खडा टाकायची काय गरज होती, असं वाटत होतं. आणि मला त्याची लाजही वाटत होती, कारण मी स्वतः सून म्हणून चाळीस वर्षं "आईंचे नियम" मोठ्या अभिमानाने चारचौघींत सांगत आले होते. दुसऱ्याच्या नियमाचा अभिमान वाटणं सोपं असतं, जोपर्यंत तो आपल्या आड येत नाही.

असो. जहाज दुपारी चारच्या सुमाराला सुटलं.

आधी जेवणाचं सांगते, कारण ते तुम्हाला उपयोगाचं आहे. तिकीट काढतानाच आहाराची विनंती लिहून द्यावी लागते. नुसतं "शाकाहारी" लिहू नका. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट, मुळा, कोणतंही कंदमूळ नको, अंडं नको, जिलेटिन नको, असं एकेक करून लिहा. तिकडे केकमध्ये अंडं आणि पुडिंगमध्ये जिलेटिन सर्रास असतं, आणि साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये मांसाचं पाणी. जहाजावर चढल्यावर पहिल्याच दिवशी जेवणघराच्या मुख्य माणसाला भेटा. आमच्या टेबलाचा वेटर गोव्याचा निघाला, मडगावच्या बाजूचा. तो रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचं विचारून जायचा. "बाई, उद्याचं आज सांगितलं की आत वेगळी कढई लावतात." त्याच्यामुळे आम्हाला टोमॅटोची डाळ, भेंडी, फ्लॉवर-मटार, पनीर, भात आणि रोटी असं रोज काहीतरी मिळालं. घरी केलेलं उघडं खाणं आमच्या जहाजावर नेऊ देत नव्हते, बंद पाकिटातलं चालत होतं. म्हणून खाकरे, मेतकूट आणि बिनलसणीची शेंगाचटणी मी पाकिटबंदच घेतली होती. खोलीत किटली किंवा शेगडी लावायला बंदी असते, तेव्हा तो विचार करूच नका. आणि व्हिक्टोरिया कॅनडात येतं, म्हणून भारतीय पासपोर्टवाल्यांना कॅनडाचाही व्हिसा लागतो. तो आधी काढून ठेवा.

माझा स्वतःचा नियम सूर्यास्तानंतर न जेवण्याचा. सांगलीत तो पाळणं मला सवयीचं झालं आहे. पण जूनच्या शेवटी ज्युनोला सूर्य रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो आणि पहाटे चारच्या आत उगवतो. मैत्रिणी म्हणाल्या, "तुझी तर चंगळ! दहापर्यंत जेव." आणि मी जेवले की! पहिल्या दिवशी साडेआठला जेवण झालं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर नऊ वाजता वरच्या डेकवर फळं आणि आइस्क्रीम. ऊन पडलेलं होतं, नियम मोडला नव्हता. बुफे सकाळपासून रात्रीपर्यंत चालूच. दिवसातून पाच वेळा माझं तोंड हलत होतं आणि मनात मात्र समाधान की मी नियमात आहे.

तिसऱ्या दिवशी ज्युनोहून सासूबाईंना फोन केला. ज्युनो ही अलास्काची राजधानी, पण तिथे बाहेरून एकही रस्ता येत नाही. जहाजाने नाहीतर विमानानेच पोचायचं. हे ऐकून त्यांना फार मजा वाटली. मग मी विचारलं, "जेवलात का?"

"कधीच. सहालाच आटोपलं."

"अहो आई, तिकडेही सूर्य नऊनंतर मावळतो ना? एवढी घाई कशाला?"

"सूर्य उशिरा मावळला म्हणून भूक उशिरा लागते का गं?" त्यांनी सहज विचारलं. टोमणा नव्हता तो. पण मला लागला.

त्या दिवशी आम्ही देवमासे बघायला लहान बोटीतून गेलो होतो. पाठीवर कुबड असलेल्या जातीचे ते प्रचंड मासे, म्हणजे प्राणीच ते, श्वास घ्यायला वर येतात. आधी फवारा दिसतो, मग काळी पाठ, मग शेपटी. नातू ओरडून ओरडून दमला. तिथल्या मार्गदर्शक मुलीने सांगितलं की हे प्राणी उन्हाळ्यात अलास्काच्या थंड पाण्यात भरपूर खाऊन घेतात. हिवाळ्यात त्यांतले पुष्कळ हवाईच्या उबदार समुद्रात जातात, तिथे पिल्लं होतात, आणि त्या सगळ्या महिन्यांत ते जवळजवळ काही खात नाहीत. साठवलेल्या चरबीवर राहतात. मी हे फोनवर सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे त्यांचाही चातुर्मास असतो म्हण की!" आणि पलीकडे गुजराती आजींना ते हिंदीत समजावून सांगायला लागल्या.

फोन ठेवला आणि वर गेले. बुफे मांडलेलाच होता. मी चहासुद्धा घेतला नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गोवेकराला सांगितलं, माझं ताट साडेपाचला. बाकीचे साडेसातला बसायचे. मी त्यांच्याबरोबर नुसती गप्पा मारत बसायचे. पहिल्या दिवशी जड गेलं, मग नाही गेलं. नियमाचं तांबडं फूल सूर्याच्या हातात देऊन मी मोकळी झाले होते, हे मला तिथे कळलं. सांगलीत सूर्य माझी शिस्त पाळत होता. उत्तरेला गेल्यावर ती मलाच पाळायची वेळ आली.

चौथ्या दिवशी स्कॅगवे. एकोणसाठ अंश उत्तरेच्याही थोडं वर, आमच्या सहलीतलं सगळ्यात उत्तरेचं गाव. लहानसं आहे. जुन्या लाकडी दुकानांची रांग, मागे उभे डोंगर. इथून एक जुनी आगगाडी व्हाइट पासच्या घाटात चढते. १८९८ मध्ये काम सुरू झालं आणि १९०० मध्ये मार्ग पुरा झाला. तीन फुटी रूळ. आमच्या मिरज-कुर्डुवाडी भागातली बार्शी लाईट ज्यांनी पाहिली आहे त्यांना लगेच ओळखीची वाटेल, तिचे रूळ अडीच फुटी होते. खिडकीतून धबधबे दिसतात, लाकडी पूल दिसतात, सगळे फोटो काढत असतात.

मग मार्गदर्शकाने एका दरीकडे बोट दाखवलं. तिचं नाव मेलेल्या घोड्यांची घळ.

झालं असं होतं. १८९६ मध्ये पलीकडे कॅनडात क्लोंडाइकच्या भागात सोनं सापडलं. १८९७ च्या उन्हाळ्यात सोनं घेतलेलं जहाज सिएटलच्या धक्क्याला लागलं आणि बातमी पसरली. सुमारे एक लाख माणसं घरदार सोडून उत्तरेला निघाली असं मानतात. बहुतेकांचा बाजारहाट सिएटललाच झाला. कॅनडाच्या हद्दीवरचे पोलीस वर्षभराची शिधासामग्री असल्याशिवाय आत सोडत नसत. अवजारांसकट ते सामान माणशी टनभर व्हायचं. ते या घाटांतून वाहून न्यायचं. ज्यांना घोडे परवडत होते त्यांनी घोडे आणले. म्हातारे, आजारी, कसेही. ओझं लादून चिखलातून, दगडांतून, बर्फातून हाकले. त्या एका वाटेवर सुमारे तीन हजार जनावरं मेली. आणि एवढं करून जे पोचले त्यांतल्या बहुतेकांना कळलं की चांगल्या जागा आधीच दुसऱ्यांनी अडवल्या आहेत.

गाडीत सगळे थोडा वेळ गप्प झाले. माझ्या मनात मात्र रत्नकरंडातली दुसरी एक गोष्ट आली. तिथे म्हटलं आहे की दिग्व्रत घेतलेला श्रावक आखलेल्या मर्यादेबाहेर सूक्ष्म पापसुद्धा करत नाही, म्हणून तेवढ्या प्रदेशापुरती त्याची अणुव्रतं महाव्रतांसारखी होतात. पाठशाळेत हे ऐकलं होतं तेव्हा मला तो नुसता हिशेब वाटला होता. न गेलेल्या ठिकाणी पाप न करणं, यात काय विशेष? त्या घळीकडे बघताना ते नुसतं वाटेना. त्या लाख माणसांतली सगळी काही वाईट नव्हती. कुणी शेतकरी, कुणी कारकून, कुणी शिक्षक. घरी कुत्र्यालाही दगड न मारणारी असतील. पण "तिकडे आहे" एवढं कानावर पडलं आणि पाय थांबले नाहीत. जिथे आपलं काही काम नाही तिथेही आपल्या हौसेचे पाय पोचतात आणि वाटेत कुणाला तरी तुडवतात.

मी आमच्या जहाजाचाही विचार केला. हजारो माणसं, अखंड चालणारी इंजिनं, बुफेवर उरून फेकलं जाणारं अन्न. आम्हीही सोन्याला नाही, पण कशाला तरी निघालोच होतो. मी हे कुणाला बोलले नाही. मुलाने एवढ्या हौसेने नेलं होतं. त्याच्या पैशाने फिरून त्यालाच प्रवचन कसं देणार? आणि खोटं कशाला बोलू, मला आनंदही होत होता. दोन्ही एकाच वेळी मनात होतं.

पाचवा दिवस ग्लेशियर बे. तो मी कधी विसरणार नाही. सकाळी राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर लहान बोटीने येऊन जहाजावर चढले आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती देत राहिले. १७९४ मध्ये व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं इथे आली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच. तोंडाशीच बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये जॉन म्यूर आले तोपर्यंत बर्फ चाळीस मैलांहून जास्त आत सरकला होता. त्याही आधी इथे त्लिंगित लोकांची वस्ती होती. हिमनदी पुढे सरकत आली तेव्हा त्यांना गाव सोडून जावं लागलं. आजही ते या खाडीला आपलं मूळ घर मानतात.

दुपारी जहाज मार्जरी हिमनदीसमोर थांबलं. सुमारे मैलभर रुंद, पाण्यावर अडीचशे फूट उंच निळसर भिंत. एवढी माणसं डेकवर होती, पण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मग तोफेसारखा आवाज झाला आणि भिंतीचा एक तुकडा पाण्यात कोसळला. आधी पडताना दिसला, आवाज मागून आला. नातवाने माझा हात घट्ट धरला.

रेंजरबाईंनी एक गोष्ट सांगितली, ती मी वहीत लिहून घेतली. या खाडीत मोठी प्रवासी जहाजं दिवसाला फक्त दोनच सोडतात. तीही कुठे धक्क्याला लागत नाहीत. आत यायचं, दुरून बघायचं, परत जायचं. पाऊल टाकायचं नाही. आमच्या टेबलावर संध्याकाळी सगळ्यांनी त्या नियमाचं कौतुक केलं. यांचे ते गमते मित्र म्हणाले, "याला म्हणतात शिस्त. आपल्याकडे असं कुणी करत नाही."

माझा मुलगा पाण्याचा पेला फिरवत बसला होता. तो हळूच म्हणाला, "आमच्याकडे आजी करते की, काका."

टेबलावर कुणी काही बोललं नाही. ते मित्रही नाहीत. मला वाटतं, मुलाच्या मनातली अढी त्या क्षणी गेली. माझीही.

आठव्या दिवशी सकाळी सिएटलला उतरलो. घरी पोचलो तर सासूबाईंनी दारात विचारलं, "किती अंशांपर्यंत गेलात?" मी म्हटलं, "एकोणसाठ आणि वर थोडं." त्या आत गेल्या आणि एक मोठा कागद घेऊन आल्या. आम्ही गेलो होतो त्या आठवड्यात त्यांनी पणतवाच्या रंगपेट्या घेऊन अलास्काच्या किनाऱ्याचा नकाशा हाताने काढला होता. एकेक बेट, एकेक खाडी. आम्ही फोनवर सांगितलेलं सगळं त्यात जागच्या जागी लिहिलं होतं. ज्युनोशी "रस्ता नाही". समुद्रात एक देवमासा आणि त्याखाली "उपवासी". पुढच्या चार संध्याकाळी आम्ही त्यांना फोटो दाखवत होतो आणि त्या प्रश्न विचारून आम्हाला भंडावत होत्या. भिंत निळी का दिसते? पाणी दुधासारखं का? मुलाला मोबाइलवर शोधून उत्तरं द्यावी लागत होती. दाट बर्फ उजेडातला तांबडा रंग शोषून घेतो आणि निळा उरतो. हिमनदी खडक दळते, त्या पिठाने पाणी दुधी होतं.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघीच होतो. मी त्यांच्या पायाला तेल लावत होते. मी विचारलं, "आई, एक विचारू? तुम्हाला फिरायची एवढी आवड. मग दिग्व्रतच का घेतलंत? दुसरं काही घ्यायचं."

त्या बराच वेळ गप्प होत्या.

"मला गोड आवडत नाही," त्या म्हणाल्या. "मी गोड सोडलं असतं तर सगळ्यांनी वाहवा केली असती, पण मला काय पडलं असतं? हे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मला कशाचा सोस नाही, फक्त जायचा आहे. शाळेत असताना नकाशा लावला की वाटायचं, इथे जावं, तिथे जावं. ते काही संपत नाही गं. म्हणून तिथेच खुंटी मारली."

"मग त्या दिवशी बोट वर नेलंत तेव्हा..."

"फार वाटलं," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं, आणि हसतही होत्या. "फार वाटलं म्हणून तर कळलं की नियम बरोबर जागी लागलाय." मग माझ्या हातातली तेलाची वाटी काढून घेत म्हणाल्या, "आणि तू म्हणालीस ना फोनवर, मर्यादेबाहेर श्रावक महाव्रतीसारखा असतो? मग अलास्कापुरती तरी मी साध्वी झाले. अजून काय हवं?"

तो नकाशा आता सांगलीत आमच्या देवघराबाहेरच्या भिंतीवर आहे. मुलाने फ्रेम करून पाठवला. येणारे जाणारे विचारतात, "तुम्ही जाऊन आलात का?" सासूबाई म्हणतात, "नाही, ही जाऊन आली."

मी आता सूर्य कधीही मावळो, सहाच्या आत जेवते. तेवढं तिथून आणलं. दिग्व्रत मात्र मी अजून घेतलेलं नाही. कधी दुपारी एकटी असले की नकाशा उघडते. उत्तरेला बोट ठेवते, थोडं वर नेते, परत खाली आणते. कुठे थांबवावं ते ठरत नाही. सासूबाई बघत असतात, पण बोलत नाहीत.

लिहिण्यात व्रताबद्दल काही उणंअधिक झालं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.